ठसका लागला तर पाणी देऊ नकोस

चिऊ बाळा,

बोटांत पकड राहिली नाही म्हणून हे मोबाईलला बोलून लिहितोय. गणपतीत तू आली होतीस तेव्हा जेवताना मला ठसका लागला, तू धावत पाणी आणलंस, आई डोक्यावर थापटत "कोण आठवण काढतंय" म्हणाली आणि त्या घोटाने मी आणखीच घुसमटलो. नंतर तू आत जाऊन रडलीस ते मला कळलं. तुझी काही चूक नव्हती गं, आपल्याकडे सगळे हेच करतात.

घास गिळायचा म्हणजे जीभ तो मागे ढकलते, टाळू नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचललं जाऊन श्वासाची वाट झाकली जाते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूची एक कडी असते ती क्षणभर उघडते, घशातलं हे सगळं साधारण एका सेकंदात होतं. वय वाढलं की जिभेचा जोर कमी होतो, गिळणं जरा उशिरा सुरू होतं, तोंड कोरडं पडतं, पण तरी तब्येत बरी असेल तर माणूस निभावून नेतो. मी पण दोन वर्षं वय झालं वय झालं म्हणत काढली, बरणीचं झाकण उघडेना, जिन्यात गुडघा दुमडायचा, आणि घास घशात अडकतो हे तर कुणाला सांगितलंच नाही. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मला झालाय त्या इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस या स्नायूंच्या आजारात मांड्या आणि बोटांसारखे घशाचे स्नायू पण जातात, माझी ती कडी पुरेशी उघडत नाही आणि मागून रेटणारा जोरही कमी पडतो. बेरियम पाजून एक्स-रेचा व्हिडिओ काढला त्यात गिळून झाल्यावरही घशात उरलेलं दिसत होतं. स्टेरॉइडचा यात फारसा उपयोग होत नाही असं डॉक्टर म्हणाले. आणि हा आजार सहसा आईबापाकडून मुलांकडे येत नाही, ती काळजी मनातून काढ.

पाणी पातळ, सुळकन जातं, वाट बंद व्हायच्या आत श्वासनलिकेत शिरतं. म्हणून ठसका लागला तर पाणी नको, मला पुढे वाकून खोकू दे, खोकला हाच माझा रखवालदार आहे. पण आवाजच फुटत नसेल, खोकताही येत नसेल तर मात्र थांबायचं नाही, पाठीवर खांद्यांच्या मधे पाच जोरात थापा, तरी नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर दाब, आणि कुणालातरी १०८ लावायला सांग. हे तू शिकून घे, जावईबापूंना पण शिकव.

कधी कधी खोकला न येताच अन्न छातीत उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो, म्हणून रात्री दात घासल्याशिवाय मी झोपत नाही. आमटी-भातापेक्षा गुरगुट्या भात आणि दाट वरण बरं जातं, पातळ आणि घट्ट एकत्र आलं की गोंधळ होतो. स्पीच थेरपिस्टने हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवलंय, एका घासाला दोनदा गिळतो, जेवायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ माझ्याशी बोलू नकोस, नुसती शेजारी बस.

दिवाळीत चिवडा तुमच्यासाठी, माझ्यासाठी आई मऊ शिरा करणार आहे. तिकीट काढलंस की कळव.

तुझा बाबा