'याच्यात लय नाही' म्हणून मुलांना परत पाठवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पेपरात अधूनमधून 'अवघ्या सहाव्या वर्षी तबल्यावर प्रभुत्व' अशा बातम्या येतात, मी आवडीने वाचते, त्या मुलांचं कौतुकच आहे. पण ज्यांना उपजत काहीच येत नव्हतं आणि तरी चिकटून राहिले त्यांच्याबद्दलही छापा ना, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मिरजेची, सतार-तंबोऱ्यांच्या गावातली, वय ४९, आणि मला तालाचं अंग अजिबात नव्हतं, आरतीच्या टाळ्यासुद्धा चुकायच्या. तबला शिकायला गेले तर पहिल्या क्लासमध्ये दोनच महिन्यांत सांगितलं की ताई, लय रक्तात असावी लागते, कशाला पैसे घालवताय. फार लागलं ते मनाला. पुढे दुसरे सर भेटले, त्यांनी सहा महिने तबल्याला हातच लावू दिला नाही, नुसती हाताने टाळी देत तीनतालाचा ठेका तोंडाने म्हणायचा, अगदी भाकरी थापतानासुद्धा धा धिं धिं धा चालू. माझं कायम कालापाशी, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागी चुकायचं, कारण सोळा मात्रांत काल येतो नवव्या मात्रेला पण तिथे बोल मात्र 'धा'च, डाव्या हाताचा डग्गा गप्प होतो तो दहाव्यापासून आणि परत बोलतो थेट चौदाव्याला. कुणाला हे ऐकूनच कळत असेल, मला एकेक मात्रा मोजून कळलं, पण जे कळलं ते आता झोपेतही सुटत नाही.

मग 'ना' हा बोल. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला हलकी टेकवून तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर मारायची, बघायला सोपं, पण माझी अनामिका दाबलीच जायची आणि आवाज बद्द यायचा. त्या एका अक्षरात आठ महिने गेले. एका सकाळी तो असा खणखणीत लागला की सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

लोक म्हणतात तबलानवाज झाकिर हुसेन, आपल्या झाकिरभाईंच्या रक्तातच होतं. असेल, पण वडील, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ, लहानपणी पहाटे उठवून शाळेच्या आधी तासन्‌तास बोल शिकवायचे हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, ते आपण का विसरतो?

यंदा चौथ्या वर्षी मी तबल्याची प्रारंभिक ही पहिली परीक्षा पास झाले. क्लासवाल्यांना हात जोडून विनंती आहे की दोन महिन्यांत कुणाचा निकाल लावू नका, निदान वर्षभर तरी थांबा, आणि पालकांनो, गॅदरिंगला मागच्या रांगेत उभं केलं म्हणून पोराचा क्लास बंद करू नका. आमच्या सरांकडे नऊ वर्षांचा एक मुलगा येतो, दुसरीकडून 'जमणार नाही' म्हणून परत पाठवलेला. त्याचा 'तिरकिट' हा बोल अजून अडखळतो, पण सर दार उघडायच्या आधी तो पायरीवर येऊन बसलेला असतो आणि मांडीवर बोटं चालू असतात.

एक वाचक, मिरज