बदके रात्री शेतात जेवतात: गोव्याच्या वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

प्रत: कृषिमंत्री, जलस्रोतमंत्री आणि नगरनियोजनमंत्री यांच्या माहितीसाठी.

विषय: पाणथळ जागांच्या प्रभावक्षेत्रात (त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या भोवतालच्या पट्ट्यात) भातशेते घेणे आणि मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) पावणीत, म्हणजे लिलावात, पाण्याच्या पातळीची अट घालणे.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तिसवाडीतला शेतकरी आहे. आमच्या घरापासून करमळीचे तळे सायकलने दहा मिनिटांवर. कोकण रेल्वेने जाताना करमळी स्थानकाजवळ जे पाणी दिसते, तेच हे तळे. हिवाळ्यात शहरातून लोक दुर्बिणी घेऊन सकाळी येतात, पाण्यावर तरंगणारी बदके बघतात, फोटो काढतात आणि ऊन तापायच्या आत परततात. ते येतात याचा मला आनंदच आहे. पण त्यांनी पाहिलेली बदके त्या वेळी झोपेला आलेली असतात. त्यांचा खरा दिवस दिवेलागणीला सुरू होतो.

सूर्य मावळला की आधी अडई उठतात, शीळ घालत. थवा तळ्यावर एक फेरी मारतो आणि शेतांच्या दिशेने जातो. मागून तलवार बदके जातात. मग चक्रांग आणि भुवई बदकांच्या लहान लहान टोळ्या, अंधारात नुसत्या पंखांच्या आवाजावरून कळणाऱ्या. सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, कापणीनंतर शेतात सांडलेला दाणा, चिखलातले किडे, गोगलगायी, तणाचे बी हे त्यांचे अन्न. यातली बहुतेक बदके बुडी मारून खाणारी नव्हेत. शेपूट वर, मान खाली करून चोच जिथवर पोचते तिथलेच ती खातात. त्यामुळे त्यांना वीतभर पाणी लागते. तळे ही त्यांची निजायची जागा झाली, जेवणाचे पान शेतात मांडलेले असते.

ही गोष्ट मला कोणत्या पुस्तकाने शिकवली नाही. माझे मामा शिकार करायचे. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. लहानपणी एकदा हट्ट करून मी त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटले आपण तळ्यावर जाणार. मामा तळ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. शेतांचे दोन कोंड ओलांडून बांधाच्या आडोशाला बसले आणि म्हणाले, "ती हंगाच येतली." म्हणजे ती इथेच येणार. आणि ती तिथेच आली. त्या रात्री पडलेले एक बदक मी हातात धरले होते, अजून ऊब होती त्याला. मी पुन्हा कधी गेलो नाही. मामांनीही पुढे बंदूक सोडली. ते आता नाहीत. पण शेत पाहून बदक कुठे उतरेल हे सांगणारी त्यांची नजर आज आपल्या एकाही खात्याकडे नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कायदा बंदुकीपुरता पुरेसा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचा विषयच संपवला. तरीही हंगामात एखाद्या रात्री लांबून बार ऐकू येतो, एखाद्या सकाळी बांधावर जाळ्याचा तुकडा सापडतो. गस्त असते ती तळ्याच्या काठाने आणि दिवसा. शिकारी बसतो शेतात आणि रात्री. आपल्या वनरक्षकांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी सहानंतर बांधांवर फिरू द्या. या बाबतीत माझे एवढेच मागणे आहे.

मोठा घाव मात्र दुसरीकडे बसतो आहे, आणि तो कायदेशीर आहे.

पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम, २०१७ यांतली व्याख्या आपण स्वतः काढून वाचावी. पाणथळ जागा म्हणजे काय हे सांगताना त्या नियमांनी भातशेती वगळली आहे. मिठागरे वगळली आहेत. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळीही वगळली आहेत. म्हणजे बदक जिथे निजते ती जागा अधिसूचित होऊ शकते, जिथे जेवते ती होऊ शकत नाही. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, गोव्यातले पहिले. आम्हाला अभिमान वाटला. पण ते क्षेत्र ४२ हेक्टरांचे आहे. एका रात्रीत बदक त्याच्या कितीतरी पट मुलूख फिरून येते.

जपानच्या मियागी प्रांतात काबुकुरी-नुमा नावाचे एक तळे आहे. सायबेरियातून येणारे रानहंस तिथे हिवाळ्यात उतरतात. २००५ मध्ये जपानने त्याला रामसर यादीत घातले, तेव्हा नावातच "आणि सभोवतालची भातशेते" असे जोडले. तिथले शेतकरी कापणीनंतर शेतात मुद्दाम पाणी ठेवतात. २००८ च्या रामसर परिषदेने भातशेती ही पाणथळ परिसंस्था म्हणून मानणारा ठरावही केला. जिथे बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे त्या अमेरिकेतही कॅलिफोर्नियाच्या भातउत्पादकांनी पेंढा जाळण्यावर निर्बंध आल्यावर हिवाळ्यात शेते पाण्याखाली ठेवायला सुरुवात केली, आणि ती शेते स्थलांतरी बदकांचे मोठे अन्नछत्र बनली. तिथे शिकारी १९३४ पासून दरवर्षी बदकाचे तिकीट (डक स्टॅम्प) विकत घेतात आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. मला ती शिकार इथे नको आहे. पण जमीन नीट राखल्याशिवाय बदक येत नाही, हे त्या शिकाऱ्यांना कळले आणि त्यांनी त्यासाठी पैसे मोजले. आपल्याला बदक मारायचे नाही, म्हणून जमिनीकडे पाहायचेच नाही असे कसे चालेल?

आमच्या जमिनींचे काय झाले ते आता सांगतो.

काही शेतांवर भरावाची माती पडली. हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचता, म्हणून लांबवत नाही. भातशेत बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आली, ती चांगली झाली. पण नगरनियोजन कायद्याच्या वाटेने क्षेत्र, म्हणजे आराखड्यात ठरलेला जमिनीचा वापर, बदलून घेता येत असेल, तर एका हाताने लावलेले दार दुसऱ्या हाताने उघडल्यासारखे होते.

काही शेते पडीक राहिली. मजूर मिळत नाही, मुले नोकरीला गेली, गुरे उरली नाहीत. पडीक शेत म्हणजे निसर्गाला परत दिलेली जागा, असे शहरातल्या मित्रांना वाटते. दोन पावसाळ्यांत तिथे पुरुषभर उंचीचे गवत माजते आणि बदकाला उतरायला उघडे पाणी उरत नाही. भरतपूरला हेच झाले. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते, इतके पाखरू होते. पुढे शिकार थांबली, राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. त्यानंतर गवताने पाणी गिळले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. तळ्याभोवती कुंपण घालून शेतकऱ्याला आणि गुराला बाहेर काढणे म्हणजे संरक्षण, असे आपल्याला कोणी सुचवले तर कृपया ही हकीकत त्यांना सांगा.

आणि काही शेते खारी झाली. यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण याबद्दल विधानसभेत फार कमी बोलले जाते.

खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून राखलेली सखल शेते, ही आपल्या पूर्वजांनी समुद्राशी केलेली वाटणी आहे. नदीकाठाला बांध, बांधात मानस, मानशीच्या आत पाणी साठणारी खोलगट पोंय. भरतीला मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत किती खारे पाणी घ्यायचे, केव्हा घ्यायचे, किती दिवस ठेवायचे, हे गावकरी ही गावाची सामाईक संस्था ठरवायची. त्यावर कोरगुटीचे भात पिकायचे, पोंयीत मासळी मिळायची, आणि या दोन्हींच्या मधल्या उथळ पाण्यात बदके उतरायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर हा कारभार कुळांच्या संघटनांकडे आला. संघटना मानशीतल्या मासेमारीची पावणी करते. ज्याची बोली मोठी त्याला मानस. त्याने पैसे मोजलेले असतात, त्याला मासळी हवी. म्हणून दारे उघडी राहतात, खारे पाणी पोंय सोडून शेतात चढते. पुढच्या वर्षी तिथे भात होत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बांधाला भगदाड पडते, कधी आपोआप, कधी पाडले जाते. मग खारफुटी रुजते. खारफुटी कापायला बंदी आहे, ती असायलाच हवी. पण ज्या शेतात ती एकदा वाढली ते शेत शेतकऱ्याच्या हातून कायमचे गेले. चोडणचे पक्षी अभयारण्य खारफुटीचे आहे आणि तिथल्या पाखरांना ती हवीच. तलवार बदकाला मात्र खारफुटीच्या दाटीत चरता येत नाही, त्याला मोकळे उथळ पाणी लागते.

मासे पकडणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यातले काही माझे शेजारी आहेत. पावणीच्या कागदावर पाण्याबद्दल एक अक्षर नसते, म्हणून त्यांना कोणी अडवू शकत नाही.

शेतकरी म्हणून एक कबुलीही देतो. वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, कोवळी रोपे लावली की अडईंचा थवा एका रात्रीत वाफा तुडवून जातो. गेल्या पिढीत त्यावर उपाय बंदूक होता. आज उपाय नुकसानभरपाईच असू शकतो, आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे. नाहीतर जाळे लावणाऱ्याला गावातून कोणी अडवणार नाही.

आता आपल्या हातात काय आहे? २०१७ च्या नियमांनी भातशेत वगळले असले, तरी प्रत्येक पाणथळ जागेचे प्रभावक्षेत्र आखायला सांगितले आहे आणि त्या क्षेत्रात काय चालेल, काय नाही हे ठरवायचा अधिकार दिला आहे. करमळी, नंदा आणि कुडतरीच्या तळ्यांपासून सुरुवात करा. हिवाळ्यात दोन महिने रात्री माणसे बसवा, बदके कोणत्या शेतांत उतरतात ते नकाशावर मांडा आणि ती शेते प्रभावक्षेत्रात घ्या. तिथे माती टाकायला, क्षेत्र बदलायला परवानगी नको. शेती करायला मात्र कोणतीही आडकाठी नको, उलट जो कापणीनंतर शेतात पाणी ठेवील त्याला एकरी मोबदला द्या.

बांधांच्या दुरुस्तीचे काम कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे आहे, तळ्यांचे पाणी जलस्रोत खात्याकडे, पाखरे आपल्याकडे आणि पावणीवर देखरेख मामलेदाराची. बदकाला ही चार कार्यालये ठाऊक नाहीत. या चौघांना एका टेबलाशी बसवणे आपल्याला शक्य आहे, मला नाही.

आणि पुढच्या पावणीआधी मामलेदारांमार्फत करारात एक अट घालून घ्या. वकिलाची गरज नाही, मी मसुदा लिहून देतो:

"भाताचे उभे पीक असताना, तसेच सरदाची कापणी झाल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, मानशीतून घेतलेले खारे पाणी पोंयीबाहेर शेतात चढू देणार नाही; शेतात पावसाचे गोडे पाणी वीतभर राहील असे पाहीन; ही अट मोडल्यास पावणी रद्द समजावी."

आपला,
तिसवाडीतला एक शेतकरी