दोन ओळींची जागा हवी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातले 'आजचे कार्यक्रम' हे सदर मी रोज दुकान उघडल्यावर वाचतो. कीर्तन, रक्तदान शिबिर, वधू-वर मेळावा, सगळ्याचे ठिकाण आणि वेळ त्यात असते. दारू सोडू पाहणाऱ्यांची जी सभा आमच्या गावात दर बुधवारी आणि रविवारी भरते, तिचा उल्लेख मात्र मला त्यात एकदाही सापडलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी शिंपी आहे. अठरा वर्षे प्यायलो. शेवटच्या काही वर्षांत सकाळी हात इतके कापायचे की सुईत दोरा ओवता येत नसे. थोरली मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेला जाण्याआधी ती आठ-दहा सुयांत दोरे ओवून मशीनवरच्या कापडी गादीत टोचून ठेवायची. चार काळ्या, तीन पांढऱ्या, बाकी गिऱ्हाइकाच्या कापडाप्रमाणे. तिला हे कुणी सांगितले नव्हते, आणि मीही तिला कधी काही बोललो नाही.

घरच्यांनी करायचे ते सगळे केले. दोनदा माळ घातली, दोनदा ती खुंटीला अडकली. 'व्यक्तीच्या नकळत दारू सोडवा' अशी छोटी जाहिरात पाहून पत्नीने पावडर मागवली आणि तीन महिने मला ताकातून दिली. काज-बटणांचे काम करून साठवलेले पैसे होते ते. पुढे डॉक्टरांनी तिला समजावले की दारूची शिसारी आणणारे औषध माणसाला न सांगता द्यायचे नसते, वरून तो प्यायला तर जिवावर बेतू शकते. अशी जाहिरात आम्हाला घरबसल्या सापडली. सभेचा पत्ता सापडायला आणखी चार वर्षे गेली.

तोही योगायोगाने. २०१७ साली एक जुने गिऱ्हाईक दोन पँटी कमरेत वाढवायला घेऊन आले. आत माया, म्हणजे शिवणीत राखलेले जादा कापड, होती, दीड इंच सुटला. पूर्वी मी त्यांना गुत्त्यावर पाहायचो. "हल्ली दिसत नाही," असे म्हणालो, तर म्हणाले, "सोडली. अंगाला लागलंय जेवण. बुधवारी साडेसातला या, पालिकेच्या शाळेत, तळमजल्यावरची शेवटची खोली." माझ्या दुकानापासून ती शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. सभा तिथे कित्येक वर्षे भरत होती आणि मी त्याच रस्त्याने प्यायला जात होतो.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सभेला जाण्याआधी मी घरीच एकदम बंद केली होती. तिसऱ्या रात्री कापडावर मुंग्या चालताना दिसू लागल्या, मी कात्री घेऊन त्या झटकत होतो. पत्नीने आणि शेजाऱ्यांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबू नये. शरीरातले विष उतरवणे हे दवाखान्याचे काम. सभा लागते ती त्यानंतर, घरी परतल्यावर, संध्याकाळचे सात वाजले की.

तिथे काय होते, असे लोक विचारतात. बाकांवर दहा-बाराजण बसतात. ज्याला वाटेल तो स्वतःचे सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी बोलत नाही, उपदेशही करत नाही. फी नाही, हजेरीपट नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात १९३५ साली शेअर दलाली करणारा एकजण आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झाली. दारुड्याचे दारुडा ऐकतो, हे मी त्या खोलीत पाहिले. माझ्या हातांचे सांगितले तेव्हा समोरचे गवंडी नुसते मान हलवत राहिले. त्यांना ओळंबा धरता येत नसे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. माझी पत्नी तिकडे जाते आणि तिथले मला सांगत नाही, हे मला पटते.

एए स्वतःची जाहिरातबाजी करत नाही, आणि वर्तमानपत्रात सभासदाचे नाव येऊ द्यायचे नाही हा तिचा दंडक आहे. त्यामुळे हे पत्र माझे एकट्याचे, गटातर्फे नाही. पण वार, वेळ आणि खोली छापणे म्हणजे जाहिरातबाजी नव्हे. व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांकही सोबत छापता येईल.

गेल्या बुधवारी एक बाई दारापर्यंत आल्या. नवरा सोबत नव्हता, त्या नुसता पत्ता बघायला आल्या होत्या. कुणीतरी 'शाळेत' एवढेच सांगितले होते, म्हणून आमच्याआधी तीन शाळा पावसात फिरून आल्या होत्या. पदराने तोंड पुसत त्यांनी वेळ विचारली आणि माझ्याकडून खडू घेऊन पिशवीच्या आतल्या बाजूला लिहून घेतली.

'आजचे कार्यक्रम'मध्ये दर बुधवारी आणि रविवारी दोन ओळी द्याव्यात, ही कळकळीची विनंती. मजकूर मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक वाचक, जि. सातारा
(विनंतीवरून नाव छापू नये)