चर्चिलला निघालीयस म्हणून

प्रिय मनू,

परवा तू रागावून फोन ठेवलास म्हणून हे लिहितोय. कॅनडातल्या त्या चर्चिल गावाला जाऊ नकोस असं मी म्हटलंच नव्हतं, तिथे पांढरी अस्वलं असतात तर बरोबर कोण आहे एवढंच विचारलं. आई म्हणते चारदा विचारलंत. असेल.

मग रात्री तिथल्या नदीपलीकडच्या प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्याबद्दल वाचत बसलो. १७३१ ला हडसन बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने बांधायला घेतला, काम चाळीसेक वर्षं चाललं, बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारासाठी एवढा दगडी किल्ला आणि वर ४० तोफा! पण १७८२ ला फ्रेंचांची तीन जहाजं आली तेव्हा आत माणसंच इतकी कमी की तेवढ्या तोफा चालवणार कोण, म्हणून किल्ल्याचा प्रमुख सॅम्युअल हर्न याने एकही गोळा न टाकता किल्ला देऊन टाकला. लोक त्याला नावं ठेवत असतील, मला तो पटला. दहाएक वर्षं आधी हाच माणूस मातोनाबी या तिथल्या डेने आदिवासींच्या पुढाऱ्याबरोबर पायी पार आर्क्टिक समुद्रापर्यंत जाऊन आलेला, म्हणजे भित्रा नक्कीच नव्हता. कुठे थांबायचं ते त्याला कळलं आणि माणसं वाचली.

तुला ते कळत नाही गं. हरिश्चंद्रगडावर धुक्यात समोरचं दिसत नव्हतं तरी कोकणकड्यावर जायचंच म्हणून बसलीस, काका मागे फिरले तर पायथ्यापर्यंत रडत आलीस. लेक्चर झालं, सॉरी.

पण किल्ल्यावर बंदूकवाला गार्ड असतो ना, त्याला सोडून फोटोसाठी तटाच्या पलीकडे जायचं नाही. गावात म्हणे लोक गाड्या लॉक करत नाहीत, अस्वल आलं तर कुणालाही पटकन आत शिरता यावं म्हणून. हे वाचून आईला बरं वाटलं, मला नाही.

खरं सांगू, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून झालंय, माझी मुलगी जिथे रस्ताच जात नाही तिथे ट्रेनने जातेय. आपल्या घरातलं कोणी इतकं लांब गेलेलं नाही.

जाड जॅकेट घे, जुलै असला तरी. नदी ओलांडायला बोटीत बसशील तेव्हा मेसेज टाक, आणि परत आलीस की परत टाक. आजीला तू बेलुगा व्हेल बघायला चाललीयस एवढंच सांगितलंय, तेव्हा तिच्याशी बोलताना अस्वलांचा विषय काढू नकोस.

बाबा