पोर्थकॉलला जाणार आहेस तर

कोल्हापूर

प्रिय चिऊ,

रविवारी फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालीस, "आई, आम्ही चौघी पोर्थकॉलला, समुद्रावर, जायचं म्हणतोय. दोन रात्री, कॅरॅव्हॅन घेऊन." त्यानंतर तू आणखी काय काय बोललीस ते माझ्या कानावरून गेलं. आजी मटार सोलत बसली होती. तिला सांगितलं, तर हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाली, "ट्रेको बे का गं?" त्र्याऐंशी वर्षांची बाई, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कॅरॅव्हॅन-तळाचं नाव, आणि जरासुद्धा आठवावं लागलं नाही! मग आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत बोलत बसलो. यातलं बरंचसं तुला कधी सांगितलेलंच नाही हे तेव्हा लक्षात आलं. फोनवर ते जमायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आजोबा वेल्समध्ये डॉक्टर होते एवढं तुला माहीत आहे. 1967 साली ते तिकडे गेले, दोन वर्षांनी आजी मला कडेवर घेऊन त्यांच्यामागे गेली. तिकडच्या डॉक्टरांना कोळशाच्या खाणींच्या त्या दऱ्यांमध्ये प्रॅक्टिस करायची इच्छा नसे. म्हणून आपल्याकडचे, पाकिस्तानातले कितीतरी डॉक्टर तिथे पोचले. आमची दरी म्हणजे रॉन्दा. इंग्रजीत लिहिताना दोन 'डी' लिहितात, पण तिथली माणसं त्याचा उच्चार आपल्या 'द'च्या जवळचा करतात. आजीला तो पहिल्या दिवसापासून जमला, याचं तिथल्या बायकांना फार कौतुक.

पण आजी त्या दरीत बोलतच नसे, चिऊ. हे मला आज कळतं. वेंगुर्ल्याची मुलगी ती, अंगणात उभं राहिलं की समुद्राचा आवाज येईल अशा घरातली. तिथे दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा आणि माथ्यावर खाणीतल्या दगडमातीचे ढीग. आम्ही पोचलो त्याच्या तीन वर्षं आधी, ऑक्टोबर 1966 मध्ये, शेजारच्याच एका दरीत, अ‍ॅबरफॅनला, असा एक ढीग पावसापाण्याने सुटून शाळेवर आला होता. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. लोक त्याबद्दल मोठ्याने बोलत नसत. आमच्या मागच्या खिडकीतून तसाच एक ढीग दिसे, आणि पाऊस लागला की आजी त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. मला शाळेत सोडताना हात जरा जास्तच घट्ट धरायची. बोलायची मात्र नाही. दुकानात गेलं की बोटाने दाखवायची, "थँक यू" म्हणायची आणि बाहेर पडायची.

आणि मग जुलैचा शेवटचा आठवडा यायचा.

त्याला तिथे 'मायनर्स फोर्टनाइट' म्हणायचे. जुलैचा शेवटचा आठवडा आणि ऑगस्टचा पहिला, या पंधरवड्यात दक्षिण वेल्समधल्या खाणी एकदम बंद असायच्या आणि अख्खी दरी उठून समुद्राकाठी, पोर्थकॉलला जायची. पोर्थकॉलची रेल्वे 1963 मध्येच बंद झाली होती, त्यामुळे बसगाड्या भरभरून माणसं निघायची. घरांना कुलपं, गल्ल्या ओस. आपल्याकडे जत्रेला गाव जातं ना, तसं. आणि गंमत म्हणजे तिकडे पोचल्यावर शेजारी पुन्हा तेच! पलीकडच्या गल्लीतला खाटीक इथे दोन कॅरॅव्हॅन सोडून, आमच्या शाळेतल्या बाई नळाच्या रांगेत पुढे, आणि आजोबांचे पेशंट तर चहूकडे. एकदा मी आजोबांना विचारलं, "आपण दुसरीकडे का नाही जात? इथे तुम्हाला सुट्टी कुठे मिळते?" तर म्हणाले, "यांना दवाखान्यात खोकताना ऐकतो. इथे हसताना ऐकायला मिळतात."

आमची कॅरॅव्हॅन एका पेशंटच्या नातेवाइकांची. वरून फिकट पिवळी, खाली हिरवी पट्टी, लांबी 22 फूट असेल नसेल. चाकं होती, पण ती कधी फिरली नसतील. आत शिरलं की गॅसचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. जेवणाचं टेबल खाली पाडलं, त्यावर बाकाच्या गाद्या टाकल्या की मामाचा आणि माझा पलंग तयार. दिवे गॅसचे होते. पेट्रोमॅक्सला असतो तसा त्यांना मेंटल असायचा. बोट लागलं की त्याची राख. आजोबा काडी पेटवून जवळ नेत, 'फुप्प' असा आवाज होई, आणि मग रात्रभर ती बारीक सुसू. पाऊस तर ठरलेलाच. पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकत, खिडकीच्या ओल्या काचेवर बोटाने अक्षरं काढत मी मराठी बाराखडी शिकले. आजी सांगायची, मी काढायची, आणि 'घ' पूर्ण होईपर्यंत 'क' ओघळून गेलेला असायचा.

पाणी आणायचं काम मुलांचं. दर दहा-पंधरा कॅरॅव्हॅनमागे एक नळ, तिथून कॅन भरून आणायचा. संडास-न्हाणीचे ब्लॉक लांब. रात्री जायचं म्हणजे बॅटरी घेऊन, स्वेटर चढवून. वायव्येकडे आकाश तांबूस पेटलेलं दिसायचं, तो पोर्ट टॅलबटचा पोलाद कारखाना. पहिल्या वर्षी मी घाबरले तर आजी म्हणाली, "अगं, कुणाकडे तरी होळी लागलीय." तोच कारखाना पुढे 2007 मध्ये टाटांकडे गेला. तिथली शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 ला विझली. म्हणजे तुला ते आकाश आता तसं दिसणार नाही. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये एक म्हातारं जोडपं असायचं. बाईंना सगळी मुलं 'बोपा' म्हणायची. आपण शेजारच्या बाईला मावशी म्हणतो ना, अगदी तसाच शब्द, नात्याची अट नाही. त्यांचे यजमान चाळीसेक वर्षं खाणीत काढलेले. छातीत धूळ बसलेली. दारापासून नळापर्यंत जायला त्यांना तीनदा थांबावं लागे, आणि थांबले की ते उगाच आकाशाकडे बघत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हवा कशी आहे ते पाहतायत. आजोबा त्यांच्यासोबत चालत तेव्हा तेही थांबत, तेही आकाशाकडे बघत. मी कॅन घेऊन मागे.

त्यांच्या हातांवर, कपाळावर निळ्या रेघा होत्या. बारीक, तुटक, कातडीच्या आत गेलेल्या. मला वाटलं गोंदण आहे. माझ्या पणजीच्या हातावर गोंदलेली तुळस होती, त्याचाच रंग. मी विचारलं, "हे कुणी काढलं?" त्यांनी हात माझ्यापुढे धरला आणि एकेक रेघ दाखवत सांगितलं की ही अमुक साली दगड पडला तेव्हाची, ही ट्रॉली घसरली तेव्हाची. खाणीत लागलं की जखमेत कोळशाची भुकटी जाते, वरून कातडी येते आणि ती निळी आत राहून जाते. मी बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत होतं. आजीने लांबून हे पाहिलं होतं. संध्याकाळी ती पहिल्यांदाच आपणहून बोपाकडे गेली, हातात रव्याच्या लाडवांचा डबा.

त्यानंतर बांगडे. या म्हाताऱ्यांना मासेमारीचा भारी नाद, पण धक्क्याच्या टोकापर्यंत, दीपस्तंभापर्यंत, चालवत नसे. म्हणून त्यांचा मुलगा जायचा. एका दोरीला पाच-सहा गळ, प्रत्येकाला रंगीत पीस बांधलेलं. मासळीचा थवा लागला की एका ओढीत चार-चार. एका सकाळी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून मासे आणून दिले. आजीने कागद उघडला आणि पाहतच राहिली. "अगो, हो तर बांगडो!" आपल्यापेक्षा जरा लांबट, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा जास्त ठळक, पण बांगडाच. तिने तिथल्या तिथे, कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून, ते साफ केले. तो वृद्ध गृहस्थ खुर्ची ओढून समोर बसला आणि तिचे हात बघत राहिला. तिरफळं तिच्या डब्यात असायचीच, माहेरहून पार्सलने आलेली. खोबरं मात्र सुकं, पाकिटातलं. त्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर तिने तिखलं केलं, आणि वास सुटल्यावर शेजारपाजारची तीन दारं उघडली. बोपाने चमचाभर चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.

श्रावणाची मात्र पंचाईत असे. वेंगुर्ल्याहून दरवर्षी कालनिर्णय येई आणि आजी सुट्टीच्या तारखा त्यावर ताडून बघे. 1976 साली तर पोचून तीन-चार दिवस झाले आणि श्रावण लागला. तो उन्हाळा तिकडे अजून आठवतात. इतका कडक की गवत पिवळं पडलं, पाणी ठरावीक वेळी यायला लागलं, आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या लेडीबर्ड किड्यांचे थवेच्या थवे किनाऱ्यावर उतरले. मामाच्या आइस्क्रीमवर, टॉवेलांवर, आजीच्या पदरावर. आजीने महिनाभर मासळीला हात लावला नाही, पण म्हाताऱ्यांना साफ करून द्यायची.

आता जे सांगते ते नीट वाच, कारण तूही तिथे वाळूवर चालणार आहेस. पोर्थकॉलसमोरच्या खाडीचा आकार नरसाळ्यासारखा आहे. आत येईल तशी अरुंद होत जाते, त्यामुळे भरतीचं पाणी चढतं ते जगात फार थोड्या ठिकाणी चढत असेल इतकं. वेंगुर्ल्याला भरती-ओहोटीत पुरुषभर उंचीचा फरक. इथे मोठ्या भरतीला तीन मजले. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो परत येईल असं वाटतच नाही. 1975 साली, मी नऊ वर्षांची, मामा पाचचा. आम्ही खेकडे शोधत खडकांवरून पार पुढे गेलो. समोर समुद्र लांबच दिसत होता. पण पाणी समोरून येत नाही, चिऊ. ते वाळूतल्या चरांमधून तुमच्या पाठीमागे भरतं. मी वळून पाहिलं तेव्हा आमच्यात आणि किनाऱ्यात एक रुंद, शांत पट्टा होता, आणि तो रुंदावत होता.

आणि तेव्हा मी तो आवाज ऐकला. "गो चेडवा! फाटी ये! पाणी भरता हा!" एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर, वाऱ्याला कापत. मला क्षणभर कळलंच नाही की ती आजी आहे. घरात तिचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचत नसे. साडीचा कासोटा मारलेला, वर कार्डिगन, आणि ती मांडीभर पाण्यातून सरळ आमच्याकडे येत होती. डगमगणं नाही. कुठे पाय ठेवायचा ते तिला ठाऊक होतं. मामाला तिने खांद्यावर टाकलं, माझं मनगट धरलं, आणि आम्हाला आडवं, वाळूचा उंचवटा धरून बाहेर काढलं. किनाऱ्यावर माणसं जमली होती. ती थरथरत होती, पण तिने सगळ्यांना इंग्रजीत सुनावलं, की इथे पाटी का नाही, लहान मुलं जातात, कुणी बघत कसं नाही. सहा वर्षांत मी तिची एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती. आजोबा नुसते उभे होते, तिच्याकडे बघत. त्या रात्री त्यांनी कपडे वाळत घातले, चहा केला. तिला काही करू दिलं नाही.

दरीत परतल्यावर ती दुकानात बोटाने दाखवेनाशी झाली. नाव घेऊन मागायला लागली. 1979 मध्ये आम्ही कोल्हापूरला आलो तेव्हा निरोप द्यायला आमची अख्खी गल्ली बाहेर होती. आजोबांसाठी आली असेल असं मी बरीच वर्षं समजत होते.

आता तिथे खाणी नाहीत. रॉन्दामधली शेवटची, मार्डीची, 1990 च्या डिसेंबरात बंद झाली. समुद्राकाठचं कोनी बीचचं पाळण्यांचं मैदान, 1920 पासूनचं, तेही 2025 च्या ऑक्टोबरात मिटलं. दोन पेनीचं नाणं टाकून नाण्यांचा ढीग पाडायच्या यंत्रावर मामाने तिथे किती पैसे घालवले असतील! ट्रेको बे आहे. कॅरॅव्हॅन आता आतून चकाचक, न्हाणीघरासकट, असं तू पाठवलेल्या फोटोत दिसलं. असू दे. तरी रात्री एकदा बॅटरी घेऊन बाहेर पड.

एक मात्र विचारते. गेले दोन महिने फोनवर तू "हो", "ठीक आहे", "बघू" एवढंच बोलतेस. थंडी आहे, अंधार लवकर पडतो, काम आहे, मला सगळं मान्य आहे. पण मी तो आवाज ओळखते गं. मी त्या आवाजाच्या घरात वाढले आहे. म्हणून तू जाते आहेस याचा मला इतका आनंद झाला. मैत्रिणींना सांगून एकदा एकटीच धक्क्यावर जा, पार दीपस्तंभापर्यंत, आणि तिथून मला फोन कर. वाऱ्यात काही ऐकू येणार नाही, मोठ्याने बोलावं लागेल.

कार्डिफहून ब्रिजेंडपर्यंत रेल्वे, पुढे बस. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून लिहून ठेव, आजी विचारणार आहे. पुढच्या आठवड्यात इथून कुणी येतंय, त्यांच्याबरोबर तिरफळांची पुडी आणि कोकमाच्या आगळाची छोटी बाटली देते. धक्क्यावर कुणी बांगडे विकत असेल तर दोनच घे. तिरफळं सात-आठ पुरतात. आतली काळी बी काढून टाक, टरफलं जराशी ठेच, आणि अगदी शेवटी घाल. आजी म्हणते, झाकण लगेच उघडू नकोस.

तुझी,
आई