चिखलीचा फ्लॅट आणि तुझे साडेतीन लाख

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, उत्तर चार ओळींत बसेना म्हणून हे लांबलचक. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचा 33 लाखांचा वन बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा आणि हातात साडेतीन लाख. एजंट म्हणतो 90 टक्के लोन होतं, टेन्शन कसलं! खोटं नाही बोलत तो, 30 लाखांपर्यंतच्या लोनला रिझर्व्ह बँकेची तेवढी मुभा आहे. पण ते किमतीवर रे, उरलेले 10 टक्के, म्हणजे 3 लाख 30 हजार, तुझ्याच खिशातून, आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. तिकडे 7 टक्के, म्हणजे 2 लाख 31 हजार, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार, मग दलाली, वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी, सगळे मिळून साडेसहा लाख सहज जातात. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलास तर ड्युटीत एक टक्का सुटतो, तुझं नाव जोडलंस की सवलत गेली.

राहिलेले तीन लाख पर्सनल लोन काढून भरू असं असेल तर ते मनातून आत्ताच काढून टाक. घराच्या लोनचाच साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता पावणेसव्वीस हजारांच्या आसपास येतो आणि तसल्या फ्लॅटला भाडं 11-12 हजार, म्हणजे दर महिन्याला 14 हजार तू घालणार, मेंटेनन्स वेगळा, आणि भाडेकरू गेला की मधला महिना-दोन महिने सगळंच तुझ्यावर. भाड्यातून हप्ता सुटतो असं सांगणारे लोक हा हिशोब कधी मांडत नाहीत. नवीन टॅक्स रिजीममध्ये भाड्यापेक्षा व्याज जास्त गेल्याचा तोटा टॅक्ससाठी पगारातून वजा पण होत नाही.

तरी घेऊच नको असं म्हणत नाहीये मी. चाकण, तळवडेला कामाला जाणारी पोरं तिथे कायम रूम शोधत असतात, फ्लॅट रिकामा फार राहणार नाही. फक्त मेमध्ये टँकर किती येतात ते वॉचमनला विचार, एजंटला नको, आणि बाथरूमचं छत नीट बघ, कडेला पिवळट डाग असेल तर वरच्याचं गळतंय आणि ती भांडणं मग तुझ्या गळ्यात. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का तेही बघ, नसेल तर सरळ सोड.

माझं ऐकशील तर वर्षभर थांब, ते 14 हजार आत्तापासून दर महिन्याला बाजूला टाक. टाकताना घरात ओढाताण नाही झाली तर समज जमेल, आणि तोवर दीडेक लाख साठतीलही. शनिवारी येतोस का, जाऊ बघायला, पण टोकनचा एक रुपया देऊ नकोस त्याला.

तुझा,
बंड्या