बाटलीने जीन ‘ऑन’ होतो म्हणणाऱ्यांना हे विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे निफाड तालुक्यात एका औषध कंपनीची मीटिंग झाली. फवारणीच्या या बाटलीने झाडातला स्ट्रेस (ताण) सोसायचा जीन (जनुक) ऑन होतो, थंडीत बागेला काही होत नाही असं सांगितलं आणि लोकांनी लगेच बुकिंग केलं, माझ्या भावानेही दोन बाटल्या सांगितल्यात. मी ॲग्री शिकलोय, घरची थॉमसन द्राक्षाची बाग आहे, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

डिसेंबर-जानेवारीत इथे पारा 5-6 अंशांवर येतो. पहाटे शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो, घडांना पेपर लावतो (तुमचाच पेपर असतो बऱ्याचदा). गारठलेल्या पानावर सकाळी लख्ख ऊन पडलं की पान ऊन तर घेतं पण थंडीने साखर बनवायचं काम मंद असतं, मग ती जास्तीची ताकद ऑक्सिजनवर जाते आणि सुपरऑक्साइड नावाचं ऑक्सिजनचं घातक रूप तयार होतं, ते पेशींचे पडदे खराब करतं. पॅराक्वाट तणनाशकही असंच मारतं. गेल्या वर्षी शेजारच्या फवारणीचे तुषार माझ्या कडेच्या ओळीवर आले, ऊन चढलं तसे जिथे जिथे थेंब पडले तिथेच डाग करपले, बाकी पान हिरवंगार.

झाडाकडे यावर उपाय असतो. एसओडी नावाचं एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, पण तेही जास्त झालं तर घातकच, म्हणून पुढे कॅटालेज आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइम त्याचं पाणी करतात. आता एसओडीचा जीन बाहेरून टाकून जास्त चालवला तर काय होतं? 1990 मध्ये पेटुनिया या फुलझाडाचा हा जीन तंबाखूत टाकला, झाड काही जास्त टिकलं नाही. 1993 मध्ये वाटाण्याचा टाकला तर तंबाखूने थंडी आणि कडक उजेड चांगला सोसला, आणि त्या झाडांत ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजही आपोआप वाढलेलं सापडलं. म्हणजे पुढचा हात चालला तरच पहिल्याचा उपयोग. आणि 2025 ला जाहीर झालेल्या पुसा डीएसटी राईस 1 या भाताच्या वाणात तर जीन वाढवलेला नाहीच, उलट डीएसटी नावाचा वेगळाच जीन बिघडवलाय, तेव्हा दुष्काळ-क्षार सोसायची ताकद वाढली.

फवारणीने झाडाचे स्वतःचे जीन थोडे दिवस वाढू शकतात, सॅलिसिलिक ॲसिडने होतं तसं, ते मी नाकारत नाही. पण म्हणून बाग थंडीतून निघेल याची गॅरंटी कशाच्या जोरावर देतात? प्रयोग कुठल्या पिकावर, कुंडीत की बागेत, किती सीझन, न फवारलेल्या ओळी शेजारी ठेवल्या होत्या का, एवढं तरी विचारा ना. तुम्हीही अशा बातम्या छापताना हे विचारून छापा, गावात पेपरमधलं खरं मानतात.

भावाच्या बाटल्या आल्या की दोन ओळी फवारून दोन तशाच सोडणार आहे. तडकलेले मणी मोजून आकडे फेब्रुवारीत पाठवतो, जे निघेल ते छापा.

एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक